चोवीसचे त्रेचाळीस

४ जून

खुडबुड्या,

आशीर्वाद आहेतच, ते लिहिण्यात ओळ घालवत नाही. दीड वर्ष झालं, तू माझा फोन उचलत नाहीस. मेसेज टाकला तर तो पोचल्याची खूणसुद्धा येत नाही. म्हणजे तू मला ब्लॉक केलं आहेस, एवढं कळण्याइतकी अक्कल तुझ्या बहिणीला आहे. म्हणून हा कागद. पत्ता मावशीकडून घेतला. तिने तीनदा विचारलं, "भांडायला हवाय का?" मी म्हटलं, कामासाठी हवाय. तेव्हा कुठे दिला.

काम असं आहे. तुझी मोजमापांची वही मला हवी आहे. ती जाड पुठ्ठ्याची, टेस्ट रूममधून शेवटच्या दिवशी निघताना पिशवीत घालून नेलीस ती. खरं तर ती कंपनीची वस्तू, पण ते राहू दे. खाटेच्या बोर्डाची पानं तेवढी हवीत. झेरॉक्स पाठवलीस तरी चालेल.

कशाला, ते सांगते, नाहीतर तुला वाटेल ताई पुन्हा काहीतरी उकरून काढतेय. हॉस्पिटलच्या खाटा वर-खाली करणारा आपला सर्किटचा बोर्ड आता मोठ्या मोटरसाठी नव्याने करायचा आहे. त्यासाठी माझी जुनी गणितं काढली, तर ती उघडेनात. पंतोजींची नवी आवृत्ती आली आहे. आकडे न घेता नुसत्या अक्षरांवर गणित करणारं ते सॉफ्टवेअर मी तुला पहिल्यांदा दाखवलं होतं, तेव्हा तू म्हणालास, "अक्षरं खाऊन पोट भरतं का गं ताई?" आणि त्याचं नाव पंतोजी ठेवलंस. ऑफिसात आता सगळे तेच म्हणतात. नाव कोणी ठेवलं हे मात्र कोणी काढत नाही.

जुने पंतोजी निदान सांगितलेलं ऐकायचे. हे नवे भलतेच चिकित्सक आहेत. आपल्या समीकरणात ई वर "जे ओमेगा टी" येतो, तो तुला मी एकदा कँटीनच्या टेबलावर चहाच्या डागात बोट फिरवून समजावला होता. वर्तुळावर गरगर फिरणारी संख्या. तिला एक वास्तव भाग असतो आणि एक काल्पनिक, ज्याला जे हे अक्षर लावतात. व्होल्टेजची रेघ दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर दिसतो तो फक्त वास्तव. फिरत्या संख्येत गणित सोपं जातं, म्हणून सगळं तिच्यात करायचं आणि शेवटी वास्तव भाग तेवढा उचलायचा. "जे म्हणजे जे नाहीच ते," असं म्हणून तू हसला होतास.

तर मी पंतोजींना म्हटलं, याचा वास्तव भाग द्या. उत्तर आलं, "याचा वास्तव भाग." संपलं. माझंच वाक्य मला साभार परत. का, तर ओमेगा वास्तव आहे हे मी सांगितलेलं नाही. टी म्हणजे काळ, तोही वास्तव आहे हे सांगितलेलं नाही. काळ काल्पनिक असेल अशी शंका आजवर कुठल्या वायरमनला आली नसेल, पण पंतोजींना येते.

पूर्वी मी गणिताच्या माथ्यावर एक ओळ लिहायचे: सगळी अक्षरं वास्तव धरा. काम फत्ते. नव्या आवृत्तीत ती ओळच चालत नाही. प्रत्येक अक्षराची वेगळी ओळख करून द्या म्हणतात. सतरा अक्षरं आहेत. दोन दिवस मी हेच करतेय आणि डोकं नुसतं भणभणलंय.

त्यात उत्तर जुन्यासारखं येत नाहीये. सॉफ्टवेअर चुकतंय हे मला दाखवून द्यायचं आहे, आणि त्यासाठी तुझे आकडे हवेत. एवढंच. चूक कोणाची होती हा विषय मी काढत नाहीये. त्याचा निकाल केव्हाच लागला.

अण्णा बरे आहेत. तुझ्याबद्दल काही बोलत नाहीत.

ताई


१२ जून

खुडबुड्या,

वही आली नाही. आठ दिवसांत पत्र पोचत नाही असं मला सांगू नकोस. पोस्टात मी स्वतः जाऊन पोच घेतली आहे आणि तिच्यावर तुझ्या बायकोची सही आहे.

मी त्या सॉफ्टवेअरवाल्यांना तक्रार लिहिली. चांगली खरमरीत. बावीस वर्षं सर्किटं करतेय, तुमच्या जुन्या आवृत्तीने मला एका ओळीचं स्वच्छ उत्तर दिलं होतं, नवी तेच गणित करून दीड पान ओकते, हा काय प्रकार आहे, असं विचारलं.

ते एका ओळीचं उत्तर तुला माहीत आहे. प्लग लावल्यावर बोर्डाच्या आतलं व्होल्टेज चोवीसपर्यंत चढतं आणि चोवीसच्या वर कधीही जात नाही. कधीही. आकडा न घालता, नुसत्या अक्षरांनी सिद्ध केलेलं. कुठलीही कॉइल घ्या, कुठलाही कपॅसिटर घ्या, जाणार नाही. मीटिंगमध्ये मी ती ओळ पडद्यावर दाखवली तेव्हा मोठे साहेब म्हणाले होते, याला म्हणतात डिझाइन.

नवे पंतोजी म्हणतात: "जर डी वास्तव असेल, तर नाही जात. नसेल, तर जातं." जर आणि तर. मला जर-तर नको होतं.

डी म्हणजे काय ते लिहिते, तुला कंटाळा आला तरी. समीकरणात एक लांबलचक वर्गमूळ वारंवार येत होतं. दरवेळी कोण लिहीत बसणार, म्हणून त्याला मी डी म्हटलं. सगळेच असं करतात. आणि माथ्यावर ओळ होतीच, सगळी अक्षरं वास्तव धरा. त्यात डीसुद्धा आला.

सॉफ्टवेअरवाल्यांचं उत्तर कालच आलं. अतिशय नम्र. असं नम्र उत्तर वाचलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ते लिहितात, "जुन्या आवृत्तीने आपण सांगितलेलं जसंच्या तसं गृहीत धरलं. डी हे वर्गमूळ आहे. मुळाखालची संख्या ऋण असल्यास डी वास्तव राहत नाही, आणि मग व्होल्टेज चढून थांबणार नाही, झोके घेईल. आपल्या प्रत्यक्ष भागांचे आकडे घालून आपण एकदा पाहिलेत का?"

आकडे घालून पाहिलेत का. मला विचारतात.

मी घातलेले नाहीत. वेळ नव्हता. आणि घालायची गरज काय? अक्षरांनी सिद्ध झालेलं आकड्यांनी तपासायचं, हे म्हणजे सूर्य उगवलाय का ते बघायला कंदील लावण्यासारखं झालं.

त्या दिवशी तू टेस्ट रूममध्ये बोलावून मला स्कोपवर व्होल्टेजची एक उंच उडी दाखवली होतीस. मी काय म्हटलं ते आठवतं. स्कोपच्या टोकाला लावतात त्या प्रोबच्या ग्राउंडची वायर लांब आहे म्हटलं. लांब वायरीने नसलेल्या उड्या दिसतात, हे काही मी मनाचं सांगितलं नव्हतं. पुस्तकात आहे ते. तुलाही माहीत होतं. मग पुढे काय झालं त्यात मी आत्ता शिरत नाही.

वही पाठव. हट्टीपणा आपल्या घरात माझ्याकडे दिलाय, तू उगाच त्यात हात घालू नकोस.

ताई


२१ जून

खुडबुड्या,

वही मिळाली. खाकी कागदात गुंडाळलेली, वर पत्ता, आत एक ओळसुद्धा नाही. ठीक आहे. मी तरी पहिल्या पत्रात काय विचारलं होतं, "कसा आहेस" असंही नाही.

तुझं अक्षर अजून तसंच आहे, मुंग्या चालत गेल्यासारखं. ते पान सापडायला वेळ लागला नाही, कारण त्याचा कोपरा दुमडलेला होता. तू दुमडलास की आधीपासूनच होता, माहीत नाही. त्यावर लिहिलंय:

"केबल दोन मीटर. प्लग थेट लावला. ४३.२. पुन्हा ४३.०. ग्राउंडची वायर काढून छोटी स्प्रिंग लावली. ४३.२. दुसरा प्रोब. ४३.२. ताईला दाखवलं. म्हणाली, बेंच सप्लायवर हळूहळू चढव."

म्हणजे मी वायरीवर खापर फोडायच्या आधीच तू वायर काढली होतीस. आणि मी त्या टेबलापाशी उभी असताना स्प्रिंग तिथे, प्रोबच्या टोकाला, लावलेली असणार. मी पाहिली नाही. मी प्रोबकडे पाहिलंच नाही, मी नुसती बोलले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

वही वाचल्यावर आकडे घातले. जेवणाच्या सुट्टीत, सगळे कँटीनला गेले होते तेव्हा. तीन आकडे, रोध, कॉइल, कपॅसिटर. पाच मिनिटांचं काम. मुळाखालची संख्या ऋण आली. थोडीथोडकी नाही, ढळढळीत ऋण. डी वास्तव नव्हताच, कधीच नव्हता. मग पंतोजींनी तो जे बाहेर काढला, घातांकाची साइन आणि कोसाइन झाली आणि उत्तर झोके घेऊ लागलं. पहिला झोका किती वर जातो ते विचारलं. ४३.१.

तुझ्या स्कोपहून एक दशांश कमी. बोर्डावरचा मुख्य भाग छत्तीसपर्यंतच सोसतो, त्यापुढे केव्हाही जळू शकतो.

मी जागेवरच बसून राहिले. लोक जेवून आले, कोणी तरी म्हटलं, ताई, बरं नाही का. मी म्हटलं, सॉफ्टवेअर त्रास देतंय.

पंतोजींनी काही केलेलं नाही. मी त्यांना खोटी ओळख करून दिली आणि त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून सिद्ध करून दिलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं आई म्हणायची ते मलाच, तुला नाही.

आता उरलेलं लिहिते. हे मी कोणाशी बोललेले नाही.

बेंच सप्लायचा नॉब फिरवून व्होल्टेज हळूहळू चढवलं तर उडी दिसणारच नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. दार हळू लोटलं तर ते आपटत नाही. तू तेव्हा म्हणालास, "पण ताई, हॉस्पिटलात नर्स प्लग हळूहळू लावणार आहे का?" मी म्हटलं, "गणिताने सिद्ध झालंय, आता तू मला शिकवू नकोस." तू हळूहळू चढवलंस, चोवीस दिसले, रिपोर्टात चोवीस लिहिलेस आणि खाली सही केलीस. मी सांगितलं म्हणून केलीस. पेन माझं होतं.

चारशे बोर्ड गेले, सहासष्ट जळले. खाटा अर्ध्यावर अडकल्या, माणसांना उचलून खाली घ्यावं लागलं. कोणाला इजा झाली नाही, ही आपली पुण्याई नाही, त्या नर्सांची आहे. मग चौकशी. मोठ्या टेबलाच्या एका टोकाला तू, एका टोकाला मी. त्यांनी विचारलं, "चाचणीची ही पद्धत कोणी ठरवली?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी समोरच्या कागदाकडे पाहत म्हणाले, "तो चाचणी विभागाचा विषय आहे."

या एका वाक्यावर तू बाहेर गेलास. आपल्याकडे रिपोर्टाच्या खाली ज्याची सही तो धनी, हे मला ठाऊक होतं, म्हणून तर बोलले.

मला लाज वाटते. दुसरा चांगला शब्द शोधत होते, मिळाला नाही.

ताई


२९ जून

खुडबुड्या,

मावशी म्हणाली, तू मिक्सर आणि पंख्यांच्या दुकानात बसतोस. आधी तीन ठिकाणी नोकरी जवळजवळ झाली होती, पण प्रत्येकाने आमच्याकडे फोन केला आणि आमच्या माणसाने फायलीतली ओळ वाचून दाखवली: "चुकीच्या पद्धतीने चाचणी करून अहवाल दिला." हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं, असं म्हण.

ती ओळ फायलीतून काढायची, म्हणून मोठ्या साहेबांकडे गेले. गणितातली चूक माझी, डी वास्तव धरायला नको होता, असं लेखी दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "बाई, कोळसा उगाळावा तितका काळाच. नवा बोर्ड नव्या नावाने काढू, गणित दुरुस्त करू, विषय संपला." मी म्हटलं, माझ्या भावाचा विषय संपत नाही. ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात तुम्हाला विभागप्रमुख करायचं चाललंय, ठाऊक आहे ना?" ठाऊक आहे. सहा वर्षं वाट पाहिली आहे मी त्या खुर्चीची.

मी उठले नाही, तेव्हा त्यांनी नियम काढला. जुना टेस्ट रिपोर्ट रद्द करायचा तर त्याच बोर्डाची चाचणी मूळ माणसानेच पुन्हा करायची. त्याने आकडा भरायचा, शेरा लिहायचा, सही करायची. मग त्याखाली डिझायनरने सही करायची. दोन्ही सह्या झाल्या तर जुना रिपोर्ट फायलीतून जातो आणि त्याच्याबरोबर तुझ्या नावापुढची ओळ जाते. पंधरा जुलैपर्यंत. त्यानंतर नव्या बोर्डाचं काम सुरू होईल आणि जुनी फाइल कायमची बंद.

म्हणून या पार्सलमध्ये जुना बोर्ड आहे, दोन मीटर केबल आहे आणि कोरा रिपोर्ट आहे. स्कोप तुला मिळेल कुठूनतरी, टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे असतो. आकड्याची जागा मी रिकामी ठेवली आहे. मागच्या पत्रात मी ४३.१ लिहिलाय, तो विसर. तू स्वतः मोज, तुला दिसेल ते लिही. मी सांगते म्हणून सही करू नकोस.

एक गोष्ट राहिली. साहेबांना मी जे लेखी दिलं त्यात गणिताची चूक लिहिली. तू मला आधीच दाखवलं होतंस, हे लिहिलेलं नाही. लिहायला घेतलं होतं. पण चूक होणं वेगळं आणि दाखवल्यावरही न ऐकणं वेगळं. पहिली कोणाचीही होते, लोक उलट म्हणतात, बघा, स्वतःहून कबूल केलं. दुसरीनंतर मला कोणी विभागप्रमुख काय, विभागात ठेवणार नाही.

शिवाय अण्णा. तुला त्यांनी दारात जे ऐकवलं ते मी आतल्या खोलीतून ऐकलं होतं. "बहिणीने हाताला धरून नोकरीला लावलं आणि तिचंच नाक कापलंस." मी बाहेर आले नाही. आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला ते माझं कौतुक सांगतात. गणिताची चूक झाली एवढं मी त्यांना सांगेन, ते समजून घेतील. दुसरं सांगायचं कसं ते मला कळत नाही.

रिपोर्टात आकडा आणि सही पुरते. शेऱ्याचा रकाना मोकळा राहिला तरी चालतो, मी नियम पाहिला आहे. तुझं नाव स्वच्छ होतंय. तेवढं माझ्यासाठी राहू दे.

ताई


११ जुलै

चार दिवस उरले. पार्सल तुझ्या हातात पडून आठवडा झाला. नाव तुझं आणि घाई मला, हा कुठला न्याय?

मावशीला फोन केला. ती म्हणाली, "त्याला घाई करू नकोस, तो मोजतोय." आठ दिवस काय मोजतोस? प्लग लावायचा, स्कोप बघायचा, आकडा लिहायचा. अर्ध्या तासाचं काम.

की माझ्या मागच्या पत्राची शेवटची ओळ वाचून बसला आहेस? ती मी लिहिली हे मला नाकारता येत नाही. परत घ्यावीशी वाटते, आणि घेतही नाही. रोज सकाळी वाटतं तुला कळवावं, ते विसर, काय वाटेल ते लिही. मग ऑफिसात जाते, कोणीतरी "मॅडम, आता लवकरच पेढे," म्हणतं आणि मी हसते.

रागावू नकोस असं म्हणत नाही. पण पंधरा तारीख चुकवू नकोस.

ताई


१६ जुलै

खुडबुड्या,

रिपोर्ट काल आला. माझ्याकडे नाही, थेट साहेबांच्या नावाने, पोचपावतीसकट. शहाणा आहेस.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. आकडे दहा. दहा वेळा प्लग लावलास. सगळ्यात कमी ४३.०, सगळ्यात जास्त ४३.३. दोन वेगळे स्कोप, तीन प्रोब, प्रत्येकाचा नंबर. मागे छापलेला फोटो जोडलेला, त्यात स्प्रिंग स्पष्ट दिसते. इतका नीट टेस्ट रिपोर्ट आमच्याकडे गेल्या दीड वर्षात एकही झालेला नाही. साहेबही तेच म्हणाले. म्हणून आठ दिवस लागले होते तर.

खाली शेऱ्याचा रकाना. मुंगीच्या अक्षरात, रेघ न सोडता:

"हाच आकडा मूळ चाचणीतही आला होता. बोर्ड पाठवण्यापूर्वी तो डिझायनरना दाखवला. त्यांनी पद्धत बदलून चाचणी करायला सांगितली. मी तसं करून सही केली, ही माझी चूक."

डिझायनरना. त्यांनी. तुझ्या तोंडून मला आजवर कधी अहो-जाहो ऐकू आलं नव्हतं.

आधी राग आला, खोटं कशाला सांगू. एवढी एक गोष्ट मागितली होती, तेवढीही करवली नाही याला, असं वाटलं. मी याच्यासाठी साहेबांच्या टेबलापाशी बसून राहिले, नियम काढायला लावला, पार्सल बांधलं. मनात किती तरी बोलले तुला. मग शेवटचे शब्द पुन्हा वाचले. तू तुझी चूकही लिहिली होतीस. ती तुला लिहायची गरज नव्हती.

साहेब म्हणाले, "इथे सही केलीत की शेऱ्यासकट सगळं मान्य, असा अर्थ होतो. नाही केलीत तर कागद रद्द, जुना रिपोर्ट कायम. शेरा वगळून त्याला नवा पाठवायला सांगायचा तर आज शेवटचा दिवस आहे, तो काही होणार नाही." मग म्हणाले, "बाई, हे खरं आहे का? त्याने तुम्हाला दाखवलं होतं?"

मला त्या मोठ्या टेबलावरचा प्रश्न आठवला. तेव्हाही उत्तर एका वाक्याचंच होतं.

"हो," म्हटलं. "दाखवलं होतं. मी ऐकलं नाही." आणि सही केली.

जुना रिपोर्ट माझ्यासमोर फायलीतून काढला. तुझ्या नावापुढची ओळ खोडली, तारीख घातली, शिक्का मारला. मी त्याची प्रत मागून घेतली, या पत्रासोबत आहे. जपून ठेव, नोकरीला जाशील तिथे लागेल. आता कोणी फोन केला तर काय वाचून दाखवायचं तेही लिहून दिलं आहे.

विभागप्रमुखाचं राहिलं. सोमवारपासून मला सर्किटांच्या जुन्या नकाशांच्या नोंदींचं काम आहे, तळमजल्यावर, तुझ्या टेस्ट रूमच्या पलीकडच्या खोलीत. गणित नाही. पंतोजी दुसऱ्याच्या टेबलावर गेले. मला वाईट वाटतं, खूप वाटतं, आणि ते तुला सांगावंसं वाटलं म्हणून लिहिलं, सहानुभूती नको.

संध्याकाळी घरी आले. अण्णा बाल्कनीत बसले होते. चहा केला, दोन कप घेऊन समोर बसले आणि रिपोर्टाची प्रत पिशवीतून काढली. आपल्या शब्दांत सांगायला घेतलं असतं तर मी कुठेतरी वळण दिलं असतं, मला माझी खात्री नाही. म्हणून तुझा शेरा होता तसा वाचला.

अण्णांना हल्ली डाव्या कानाने ऐकू येत नाही, तुला माहीत नसेल. "काय म्हणालीस?" म्हणाले. मी उजव्या बाजूला खुर्ची नेली आणि मोठ्याने वाचलं. खालच्या मजल्यावरच्या काकू कपडे काढत होत्या, त्या थांबल्या. अण्णांनी कप खाली ठेवला.

"त्याने आधी दाखवलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि हा डिझायनर कोण? ज्याने ऐकलं नाही तो?"

"मी," म्हटलं. तेही दोनदा सांगावं लागलं.

ताई